सांदणचे फोटो काढताना या चुका टाळा (निदान काळ्या कातळाला नारिंगी करू नका)

दर हिवाळ्यात तेच. रविवारी संध्याकाळी कसाऱ्याहून सुटलेल्या लोकलमध्ये दमलेली पोरं मोबाइलवर स्लायडर सरकवत बसतात आणि ठाणं यायच्या आत सांदण दरी, म्हणजे सह्याद्रीतल्या साम्रद गावाजवळची काळ्या कातळातली अरुंद घळ, इन्स्टाग्रामवर चढलेली असते. नारिंगी भिंती, जांभळ्या सावल्या आणि वर आभाळाची पांढरीफटक फट. चार तास थांबायला काय होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मग सोमवारी मला मेसेज येतो, "दादा, फोटो तसे नाही आले हो." तसे म्हणजे कसे, ते विचारायचं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवणं. ती मी स्वतः केली आहे, त्यामुळे अधिकाराने सांगतो. साम्रदला पठारावर तंबू होता. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून ब्राइटनेस पूर्ण वर नेला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घळीत उतरलो. दोन्ही अंगांना कातळ, आत संधिप्रकाश, डोळे त्याला सरावलेले आणि हातातला स्क्रीन ट्यूबलाइटसारखा पेटलेला. प्रत्येक फोटो भडक वाटायचा. म्हणून एक्स्पोजर माइनस दोनवर नेलं आणि दिवसभर तिथेच ठेवलं. माइनस दोन म्हणजे हवा त्याच्या फक्त पाव प्रकाश. वर शहाणपणा असा, की कार्डात जागा पुरावी म्हणून सगळं जेपेगमध्ये.

घरी मुलुंडला येऊन कॉम्प्युटरवर उघडलं तर कातळाच्या जागी डांबर. सावल्या उचलायला गेलो तर जांभळे-हिरवे ठिपके आणि आडवे पट्टे वर आले. घळीतल्या पहिल्या पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून, कुडकुडत नेलेला तो दिवस सगळा पाण्यात. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये) 16,384. अंधारातला तपशील नंतर ओढून काढायचा तर तो आधी फाइलमध्ये असावा लागतो. स्लायडर काही जादूटोणा करत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. कॅमेरा ऑटोवर ठेवला की त्यातलं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याहून बराच काळा. मग मीटर बिचारं कातळाला करडा करायला प्रकाश वाढवतं आणि वरचं आभाळ जळून जातं. जळलेलं आभाळ कुठल्याही सॉफ्टवेअरात परत येत नाही.

माझी सवय अशी: आत शिरण्याआधी ब्राइटनेस मधोमध आणून ठेवायचा, ऑटो ब्राइटनेस लावायचा नाही. फोटोऐवजी हिस्टोग्राम बघायचा, म्हणजे अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा डोंगरासारखा आलेख. डोंगर उजव्या भिंतीवर आपटत असेल तर प्रकाश कमी, सगळा डावीकडे कोंबला असेल तर जास्त. फरक फारच असेल तर ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या (म्हणजे दर वेळी चौपट प्रकाशाच्या) अंतराने तीन फोटो घेऊन घरी जोडता येतात, पण खरं सांगू? मी बहुतेक वेळा आभाळच फ्रेमबाहेर ठेवतो. ती पांढरी फट नसली तरी दरी दरीच दिसते. तीन फोटो जोडून कड्यांभोवती उजेडाचं वलय आणणाऱ्यांनी तर ते करूच नये.

आता नारिंगी रंग. हे खूळ अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनच्या फोटोंवरून आलंय. तिथला दगड वालुकाश्म, मुळातच तांबूस. वरून आलेला उजेड एका भिंतीवरून दुसरीवर उडत खाली येतो आणि येता येता आणखी तांबूस होत जातो. आपला दगड लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, काळा. सावलीत त्यावर निळ्या आभाळाचा उजेड पडतो, म्हणून तो उलट निळसर दिसतो. त्याच्यावर वालुकाश्माचा प्रीसेट (रंगांची तयार सेटिंग) चढवला की कातळाला कावीळ होते.

हेही मी केलंय. घळीचा एक मोठा प्रिंट काढून, साम्रदला ज्या घरी पिठलं-भाकरी खातो तिथल्या मावशींना हौसेने नेऊन दिला. त्यांनी चुलीपासून उठून, पदराला हात पुसून, दारात उजेडाला धरून नीट बघितला. "चांगलाय. कुठला म्हणायचा हा?" म्हटलं, मावशी, ही तुमचीच घळ. त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं असला दगड नाही." जन्म तिथे गेलेल्या बाईपुढे मी काय वाद घालणार?

तेव्हापासून प्रत्येक नव्या जागी आधी स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढतो, त्याच उजेडात. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग कसा धरायचा ती सेटिंग) ऑटोवर न ठेवता 5500 केल्विनला बांधून टाकतो. घरी एडिट करताना तोच बदल तळहाताच्या फोटोवर चढवून बघायचा. हात गाजरासारखा दिसला की गेलो तेवढे मागे यायचं. प्रीसेट विकत घेणाऱ्यांना हे फुकटचं आहे म्हणून पटत नाही.

बाकीच्या चुका पटापट. सगळं शार्प हवं म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून एफ 22 लावू नका, त्याने उलट फोटो मऊ पडतो. एफ 8 ते 11 पुरतं. ट्रायपॉड पाण्यात उभा करून मधला दांडा वर काढू नका. शटर बोटाने दाबण्यापेक्षा दोन सेकंदांचा टायमर लावा. एडिट करताना क्लॅरिटी आणि डीहेझ हे स्लायडर एकत्र शंभरवर नेऊ नका. फ्रेममध्ये एक माणूस उभा करा, नाहीतर दरी गटारासारखी दिसते. रात्री अंधाऱ्या खोलीत फुल्ल ब्राइटनेसवर एडिट केलं तर प्रिंट काळाच येणार. लॅबवाल्याशी भांडू नका, मी भांडून आलोय.

आणि घरी आल्यावर. ओले बूट, ओले मोजे आणि कॅमेरा एकाच सॅकमध्ये, सॅक पुढच्या शनिवारपर्यंत पलंगाखाली. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला एवढं आमंत्रण पुरतं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजा, दुरुस्तीचा खर्च आला. महागडी ड्राय कॅबिनेट नसली तरी चालेल. आमच्याकडे फरसाणाचा घट्ट झाकणाचा डबा आहे, धुऊन, वाळवून, तळाशी सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा प्यायले, बदलायचे. बायकोने डब्यावर मार्करने "खाऊ नये" असं लिहून ठेवलंय.