वाफेच्या इंजिनाची ताकद काढताना या चुका टाळा

लालबागच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दर शनिवारी कुणीतरी नवीन मुलगा वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलचं ड्रॉइंग घेऊन येतो. ड्रॉइंग सुबक असतं, पण सिलिंडर भलामोठा आणि बॉयलर त्याखाली दबलेला. ‘काका, याची ताकद किती येईल?’ मी आधी शेगडीचं, म्हणजे बॉयलरखाली कोळसा जळतो त्या जाळीचं, क्षेत्रफळ विचारतो. ते काढलेलंच नसतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. पाच इंची गेजच्या (रुळांमधलं अंतर पाच इंच) माझ्या मॉडेलचा सिलिंडर ३० मिलिमीटरचा होता. तो मी ३६चा करून घेतला. पिस्टनचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं, बॉयलर तोच राहिला. मुलुंडला एका सोसायटीच्या आवारात रूळ टाकले, मागे तीन मुलं बसवली. सुटताना चाकं जागच्या जागी फिरली. वाळू टाकल्यावर गाडी निघाली आणि दुसऱ्या फेरीत वाफेच्या दाबाचा काटा ८० पौंडांवरून ३५वर आला. मुलांना उतरवून इंजिन हाताने ढकलत आणलं. पुढचे दोन महिने सिलिंडरच्या आत बुश (धातूची नळी) बसवून पुन्हा ३० करण्यात गेले.

सुटतानाची ओढ, म्हणजे गाडी खेचायचा जोर, सिलिंडर ठरवतो. वेगात ती किती टिकणार ते बॉयलरच्या हातात असतं. अमेरिकेच्या ‘बिग बॉय’ या अजस्र वाफेच्या इंजिनाची सुटतानाची ओढ १,३५,३७५ पौंड. तिला ताशी ४० मैलांनी गुणून ३७५ने भागा (पौंड आणि मैलांवरून अश्वशक्ती काढायचा आकडा), १४,००० अश्वशक्तीच्या वर आकडा येतो. चाचणीत गाडीला प्रत्यक्ष मिळाली सुमारे ६,३००. त्या इंजिनाची शेगडी १५० चौरस फुटांची होती, तरीही. सुटतानाची ओढ आणि कमाल वेग यांचा गुणाकार कुणी दाखवला की मी कागद परत देतो.

चाकं घसरतात? चालक चाकांवर, म्हणजे पिस्टन ज्यांना फिरवतो त्या चाकांवर, ओढीच्या चौपट वजन ठेवा. वाळू हा इलाज नव्हे.

वापरलेली वाफ धुराड्यात सोडून आगीला हवा ओढून देणारा, धुराड्याखालचा ब्लास्ट पाइप शेवटी उरलेल्या जागेत कोंबू नका. आंद्रे शापलाँ या फ्रेंच इंजिनिअरने १९२९मध्ये एका जुन्या इंजिनात वाफेच्या वाटा मोकळ्या केल्या, सुपरहीट (वाफ आणखी तापवणं) वाढवली, ब्लास्ट पाइप सुधारला आणि ताकद कुठल्या कुठे नेली.

घाटात इंजिनाचं स्वतःचं वजन विसरू नका. बोरघाटाचा चढ ३७ला १ (३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर), म्हणजे टनामागे २७ किलो ओढ फक्त चढासाठी. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूपी हे वाफेचं इंजिन टेंडरसकट (कोळसा-पाण्याच्या डब्यासकट) सुमारे १७० टनांचं, त्याची सुटतानाची ओढ ३०,६०० पौंड. हिशेब मांडून पाहा: तिसरा हिस्सा स्वतःलाच वर चढवण्यात जातो.

आता खर्च. ‘कोळसा स्वस्त होता, मग वाफ का गेली?’ हा प्रश्न फक्त कोळशाचं बिल पाहणारे विचारतात. कल्याण-पुणे मार्गावर १९२९मध्ये वीज आली आणि १९३०ची डेक्कन क्वीन विजेवरच धावली. ती वीज जीआयपी या तेव्हाच्या रेल्वे कंपनीच्या ठाकुर्लीच्या वीजघरातली होती, आणि तिथेही कोळसाच जळत होता. पण तिथे टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन, पाणी बनून बॉयलरमध्ये परत जायची. इंजिनात ती धुराड्यातून आकाशात जाते. कोळशातल्या उष्णतेचा सहा-आठ टक्के भाग गाडी ओढायला लागला तर चांगलं इंजिन म्हणायचं.

त्याहून मोठा खर्च उभं राहण्याचा. थंड इंजिन पेटवून वाफ धरायला काही तास, मग राख काढणं, पाणी भरणं, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुणं. या सगळ्या वेळात इंजिन एक रुपया कमवत नाही, शेडमधली माणसं मात्र राबत असतात. म्हणून मी वहीत आधी दोन रकाने पाडतो: चाकं फिरली ते तास, आणि आग पेटती होती ते तास. कोळशाचा भाव त्यानंतर लिहितो. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना थेट तयार आकडा हवा असतो. दोन्ही रकाने भरल्याशिवाय मी त्यांना लेथला हात लावू देत नाही.