वेस्नॉथमध्ये स्काउट फुकट मरतोय का? या चुका टाळा

बॅटल फॉर वेस्नॉथ हा आळीपाळीने चाली खेळायचा लढाईचा कॉम्प्युटर गेम फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण मस्त चालतो, त्यामुळे मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी दाराबाहेर पाय ठेवायची सोय नसते तेव्हा घरात पंख्याखाली बसून खेळायला याच्यासारखा गेम नाही. पण फॉग (शत्रूला लपवणारं धुकं) ऑन केला की जो तो एकच रडगाणं गातो, "भो, स्काउट म्हणून, म्हणजे टेहळणीला, घोडा पाठवला, तो मेला, अन् दिसलं काहीच नाही."

आधी एक क्लिअर करू. श्राउड असला की नकाशाच काळा असतो, फॉगमध्ये जमीन दिसते पण शत्रूचे युनिट दिसत नाहीत.

आता सगळ्यात मोठी चूक. स्काउटला टेकडीवर नेऊन उभा करायचा आणि वाटायचं की लांबचं दिसेल. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर चढलं की खालचा आग्रा रोड लांबपर्यंत दिसतो, ते खरं, पण वेस्नॉथमध्ये नजरेसाठी उंचीला काही किंमतच नाही. इथे नजर पायावर चालते. युनिट पूर्ण मूव्ह्ज (एका टर्नला चालायचे पॉइंट) वापरून जिथपर्यंत पोचू शकतं तेवढं दिसतं, वर त्याला लागून अजून एक हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर). कॅव्हलरीमनच्या, म्हणजे घोडेस्वाराच्या, मूव्ह्ज ८, म्हणजे मोकळ्या गवतावर ९ हेक्स दिसले, पण जंगलात त्याला एका हेक्सला ३ मूव्ह्ज लागतात, मग आत जेमतेम दोन हेक्स जाणार आणि तिसरा दिसणार, बस्स. डोंगरात तर घोडा शिरतच नाही. म्हणून जंगल-डोंगराचा मॅप असेल तर घोड्यांवर सोनं उधळू नका, ग्रिफन रायडर मिळत असेल तर तो घ्या, उडणाऱ्याला जंगल काय अन् पाणी काय सारखंच.

दुसरी चूक म्हणजे क्रम. आधी सगळं सैन्य पुढे ढकलायचं, दोन-तीन हल्ले करून टाकायचे आणि मग उरला म्हणून स्काउट हलवायचा. अरे मग बघून करणार काय? टर्नची पहिली मूव्ह स्काउटची. तीपण एका दमात आठ हेक्सची नाही, तीन-चार हेक्स जा, थांबा, बघा. एकदा उघडलेला फॉग तुमचा टर्न संपेपर्यंत उघडाच राहतो, म्हणून स्काउट बघून मागे आला तरी दिसलेलं जात नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच जुन्या खेळाडूंना पण माहीत नसते. फक्त वाटेत गाव दिसलं म्हणून लगेच त्यावर चढू नका, गाव ताब्यात घेतलं की त्या युनिटची मूव्ह तिथेच संपते. गाव घ्यायचंच असेल तर परतीच्या वाटेवरचं घ्या, गावातून मिळणारं २ सोनं कुठे पळून जात नाही.

चालताना नवीन शत्रू दिसला की गेम युनिटला मध्येच थांबवतो. खूप लोकांना तो बग वाटतो आणि ते चिडून परत त्याच ठिकाणी क्लिक करतात, मग घोडा सरळ शत्रूच्या बाजूला जाऊन उभा. लेव्हल १ किंवा वरच्या शत्रूला खेटलं की झोन ऑफ कंट्रोल लागतो, उरलेल्या मूव्ह्ज शून्य. त्यात समोर भालेवाले स्पिअरमन असले तर विषयच संपला, कॅव्हलरीमनला भोसकणारा मार जास्त लागतो. थांबवलं ना, तर तिथेच विचार करा.

वेळ पण बघा राव. सहा टर्नच्या चक्रात दोन टर्न रात्रीचे असतात, तेव्हा ऑर्क आणि अनडेड २५ टक्के जास्त मारतात आणि आपला कॅव्हलरीमन २५ टक्के कमी. संध्याकाळच्या टर्नला एकटा स्काउट पुढे सोडून देणं म्हणजे त्याला ओवाळून टाकणंच.

अनडूच्या भरवशावर पण राहू नका, फॉग उघडला की ती मूव्ह मागे घेता येत नाही. मेनूमध्ये श्राउड अपडेट लांबवायचा पर्याय आहे, पण तो ऑन असेल तर अपडेट करेपर्यंत नवीन काही दिसत नाही, आणि लोक तो ऑन ठेवून विसरतात, मग "स्काउटला काही दिसतच नाही" म्हणत बसतात.

आणि समोर एल्फ असतील तर फॉग उघडलेलं जंगल रिकामं समजूच नका. एल्विश रेंजरला अँबुश आहे, तो झाडीत असला की तुमचं युनिट अगदी शेजारी येईपर्यंत दिसत नाही. अशा जंगलाच्या कडेने लीडरला न्यायचं असेल तर आधी एखादं स्वस्तातलं युनिट त्या कडेने चालवून घ्या.