लॉकपिकिंग शिकताय? या चुका टाळा (दोष बहुतेक वेळा पिकचा नसतो)

लॉकपिकिंग म्हणजे किल्लीशिवाय, पिक नावाच्या बारीक हत्याराने कुलूप उघडणं. त्यातली पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वापरातल्या कुलपावर प्रॅक्टिस करणं. दुसऱ्याचं कुलूप परवानगीशिवाय हातात घ्यायचंच नाही हे तर आहेच, पण स्वतःच्या कपाटाचं, दाराचं पण नको. मी केलंय. पिकचं टोक आत तुटलं आणि अख्खी संध्याकाळ चिमटा घेऊन बसलो, कपाटातले कपडे कपाटातच. शिकायला वेगळं, सुटं कुलूप घ्या. आणि हो, पिक सोबत बाळगण्याचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या.

आता मुद्द्याचं. नव्वद टक्के लोक अडकतात ते टेन्शनवर, म्हणजे जो हात टेन्शन रेंच (किल्लीच्या भोकात घालून पीळ द्यायची वाकडी पट्टी) धरतो त्या हातावर, आणि शिव्या घालतात दुसऱ्या हातातल्या पिकला. (नव्वद हा माझा अंदाज हं, मोजले नाहीयेत.) आत काय चाललंय ते एकदा समजलं की डोकं लवकर चालतं. कुलपाच्या आत पिनांची रांग असते, प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, खाली की पिन, वर ड्रायव्हर पिन, त्यावर स्प्रिंग. दोन तुकड्यांमधली फट शिअर लाइनवर (प्लग, म्हणजे किल्लीने फिरणारा आतला गोल भाग, आणि बाहेरची बॉडी यांच्यामधली रेषा) आली की ती पिन आडवी येत नाही, सगळ्या तशा झाल्या की प्लग फिरतो. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन कुलूपवाल्याने 1860च्या दशकात ज्याची पेटंट घेतली तीच आयडिया, आजही तीच. पण पिनांची भोकं काही अगदी एका रेषेत पाडलेली नसतात, त्यामुळे रेंचने हलका पीळ दिला की एकच पिन आधी अडकते. तीच शोधायची, तीच उचलायची, मग पुढची. जोर जास्त दिला की सगळ्याच अडकतात आणि मग शोधणार काय?

किती हलका? की-बोर्डचं बटण दाबता तेवढा, खरं तर त्याहून कमी. तपासायची सोपी ट्रिक: टेन्शन देऊन प्रत्येक पिन हळूच दाबून बघा. सगळ्या दगडासारख्या कडक लागल्या तर जोर जास्त आहे, सगळ्या लुसलुशीत उड्या मारतायत तर जोर कमी आहे किंवा रेंच कुलपाच्या बॉडीला घासतोय आणि तुम्ही प्लग सोडून बॉडीलाच पीळ देताय. हे दुसरं फार जणांच्या लक्षातच येत नाही.

आणखी एक प्रकार, पिन गरजेपेक्षा वर ढकलली जाते. मग की पिनच शिअर लाइन ओलांडून अडकते आणि कुलूप मेल्यासारखं होतं, ना स्प्रिंग ना क्लिक. अशा वेळी आणखी ढकलू नका, टेन्शन अगदी हळू सोडा आणि ऐका, टक... टक... पिना खाली पडतात. ते टक मोजले की किती पिना अडकून बसल्या होत्या ते पण कळतं.

मग येतो फॉल्स सेट. प्लग थोडासा फिरतो, तुम्ही खूश, आणि मग ढिम्म हलत नाही. आत स्पूल पिन आहे, मधे कंबर बारीक असलेली, ती मुद्दाम फसवायलाच घातलेली असते. बरोबर पिन उचलायला लागलात की रेंच तुमच्या बोटाला उलटा ढकलतो, आणि नवखा माणूस घाबरून आणखी जोर लावतो. उलट करायचं, बोट सैल सोडायचं, प्लगला मागे जाऊ द्यायचं. एखाद-दुसरी बसलेली पिन पडेल, पडू दे, परत बसवा.

तीस-चाळीस पिकांचा सेट घेऊ नका, एक छोटा हुक (टोक वर वळलेली पिक), एक मध्यम हुक आणि दोन-तीन रेंच पुरतात. रेकने (नागमोडी टोकाची पिक) खरखर करून कुलूप उघडतं, मजा येते, पण कुठली पिन कधी बसली ते कळत नाही, म्हणजे शिकलात काहीच नाही. पारदर्शक कुलूप एक-दोन दिवस ठीक, नंतर त्यात डोळेच काम करतात, बोटं नाही.

तासन् तास बसू नका, बोटं बधिर झाली की काही जाणवत नाही. 1851 मध्ये लंडनला हॉब्स नावाच्या माणसाने ब्रामा कंपनीचं प्रसिद्ध कुलूप उघडलं तेव्हा त्याला पण 51 तास लागले, तेही 16 दिवसांत वाटून. तुमचा अर्धा तास वाया गेला तर काय एवढं.

आणि एकच कुलूप वीस वेळा उघडलं की हाताला पाठ होतं, मग आपण भारी झालो असं वाटायला लागतं. त्यापेक्षा ते खोला, दोनच पिना ठेवून सुरू करा, जमलं की तिसरी टाका. फक्त प्लग नुसता ओढून काढू नका, मागून त्याच जाडीची गोल दांडी सरकवत काढा, नाहीतर सगळ्या ड्रायव्हर पिना आणि स्प्रिंगा एकदम खाली सांडतात. एक स्प्रिंग मला चार महिन्यांनी पलंगाखाली सापडली, तोवर ते कुलूप चार पिनांवरच चाललं होतं.