मोरीतला 'हायला' आणि कंसातला ग्रे

मागच्या श्रावणात भाच्यानं फोटो पाठवला. मोहोळकडच्या शेतातल्या घराची मोरी, घंगाळाच्या काठावर मातकट बेडूक, डोळे हे एवढे. खाली लिहिलेलं, "आत्या, मोबाइल म्हणतोय हायला आहे. खरं का ओ?"

मी सोलापुरात तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर 'हायला' हे झाडबेडकांच्या एका प्रजातीचं नाव लिहिलं की मागच्या बाकांवर हशा पिकायचा. त्यामुळे माझी पोरं बाकी सगळं विसरली तरी हे नाव विसरत नाहीत. पण मोरीतला तो बेडूक काही हायला नव्हता. ते कसं ओळखायचं, आणि त्याचं नाव वहीत नीट कसं लिहायचं, ते सांगते.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्या पाठ्यपुस्तकात उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती वरची आणि जाती तिच्या पोटातली. पेपरवाले मात्र जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. वहीत तसं करू नका, पुढचं सगळं गणित चुकतं.

वरच्या पायऱ्यांवर वेळ घालवायचा नाही. पाठीचा कणा आहे, म्हणून समपृष्ठरज्जू. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगतो, म्हणून उभयचर. मोठेपणी शेपूट नाही, म्हणून गण अन्युरा. इथवर डबक्यातला बेडूक, अंगणातला खडबडीत कातडीचा भेक आणि हा, तिघं एकाच रांगेत. खरी गंमत कुलापाशी सुरू होते.

त्यासाठी फोटो नीट हवेत. बेडूक पकडू नका. हाताला साबण, तंबाखू, तिखट काहीतरी असतंच, आणि त्याची कातडी ते शोषून घेते. बॅटरी तिरकी धरा आणि तीन फोटो काढा: वरून एक, पुढच्या पायाच्या बोटांचा जवळून एक, आणि तो भिंतीवर चढताना मांडीच्या मागच्या बाजूचा एक. या तिसऱ्यासाठी थांबावं लागतं, पण तोच सगळ्यात कामाचा.

बोटांच्या टोकाला गोल चकत्या दिसल्या की माणूस म्हणतो, झाला झाडबेडूक. भाच्याच्या मोबाइलनं तेच केलं. चकत्या झाडावर चढायच्या कामाच्या, नात्याच्या नव्हेत. हायलाचं कुल हायलिडी वेगळं आणि आपल्या बेडकाचं रॅकोफोरिडी वेगळं. दोघांनाही चकत्या आहेत, दोघांच्याही शेवटच्या दोन बोट-हाडांमध्ये कुर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, जादा तुकडा आहे. आत बघितलं तर मात्र फरक पडतो. हायलाचं बोटाचं शेवटचं हाड नखीसारखं, रॅकोफोरिडीतलं इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभंगलेलं. हायलाच्या छातीच्या पट्ट्यातल्या मधल्या कुर्च्या एकमेकींवर चढलेल्या, आपल्याच्या मध्यावर घट्ट जुळलेल्या. हाडांच्या हिशेबानं घंगाळावरचा हा गडी युरोपातल्या झाडबेडकापेक्षा आपल्या ओढ्यातल्या डराव-डराव करणाऱ्या दांडग्या बेडकाच्या जास्त जवळचा.

हाडं बघायला बेडूक फाडायची गरज नाही. भारतात खरा हायला ईशान्येच्या डोंगरात सापडतो. मोहोळच्या मोरीत तो कुठून येणार?

आता प्रजाती आणि जाती. मांडीमागे गडद रंगावर पिवळे गोल ठिपके, डोळ्यामागून खांद्याकडे गेलेली कातडीची घडी, पुढच्या बोटांमध्ये पडदा जवळजवळ नाहीच. हा पॉलीपेडेटिस मॅक्युलेटस. पॉलीपेडेटिस म्हणजे खूप उड्या मारणारा, मॅक्युलेटस म्हणजे ठिपकेवाला. दिवसा भिंतीवर बसला की खडूसारखा पांढरट पडतो, तेव्हा रंगावर जाऊ नका. कधी पायांनी अंगभर काहीतरी चोळताना दिसेल. कातडीतून सुटलेला स्निग्ध थर तो पसरवत असतो, म्हणजे अंगातलं पाणी कमी उडतं. सोलापूरच्या उन्हात राहायचं तर तेवढी अक्कल लागतेच.

या नावापुढे लिहितात (ग्रे, १८३०), म्हणजे जातीला नाव देणारा आणि ते साल. हा कंस पोरं खुशाल गाळतात आणि माझा जीव जळतो. कंस म्हणजे ग्रेनं जातीला नाव दिलं तेव्हा प्रजाती दुसरी होती. कुठली? हायलाच! जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याला हायला मॅक्युलाटा म्हटलं होतं. म्हणजे मोबाइल जिथं घसरला तिथंच १८३० साली ग्रेही घसरला होता. पॉलीपेडेटिस ही प्रजाती त्शुडी या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं मांडली १८३८ मध्ये. पुढे बरीच वर्षं ती रॅकोफोरस या दुसऱ्या प्रजातीत ढकलली गेली होती, म्हणून जुन्या पुस्तकात रॅकोफोरस मॅक्युलेटस सापडलं तर गोंधळू नका, बेडूक तोच आहे. आणि शेपूट बघा: हायला स्त्रीलिंगी म्हणून मॅक्युलाटा, पॉलीपेडेटिस पुल्लिंगी म्हणून मॅक्युलेटस. ठिपकेवाली, ठिपकेवाला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अंबोलीला गेलात तर हा ठोकताळा तसाच लावू नका. तिथं राओरकेस्टिस प्रजातीचे इवलेसे बेडूक आहेत, कुल हेच. प्रजातीचं नाव बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्यावरून २०१० मध्ये ठेवलेलं. त्यांच्या अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो.

आपल्याकडच्याचं तसं नाही. मादी पाण्याच्या वर कुठंतरी चिकट द्राव सोडते, मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते आणि अंडी त्यात ठेवते. पिल्लं काही दिवसांनी खालच्या पाण्यात टपकतात. हौदाच्या आतल्या भिंतीवर असा फेसाचा गोळा दिसला तर ओळख पक्की झाली समजा. आमच्या वहिनीनं कपड्याच्या साबणाचा फेस समजून तो खराट्यानं घासून काढला होता. मी पोचले तेव्हा फरशीवर पिवळट ठिपके वाळत होते. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जसं काही मीच घासलं.

वहीतली नोंद अशी करा: पॉलीपेडेटिस मॅक्युलेटस (ग्रे, १८३०), कुल रॅकोफोरिडी. मोहोळ तालुका, मोरी, घंगाळाचा काठ. रात्री साडेनऊ, पाऊस नाही. मांडीमागचे ठिपके पाहिले. ते पाहिले नसतील तर नुसतं 'पॉलीपेडेटिस' लिहा आणि पुढची जागा मोकळी सोडा.