तेरडा मुळासकट

पाणथळ संवर्धनात यायचंय म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, कापाकापी जमेल का? वृक्षारोपण करतच आपण मोठे झालेलो असतो. इथे मात्र निम्म्याहून जास्त दिवस कापण्यात, उपटण्यात आणि गाळ उपसण्यात जातात.

एमएससीसाठी इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये होते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी वेकहर्स्टच्या वनस्पती उद्यानात जायचे. 1965 पासून ही इस्टेट लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाकडे आहे. लोक तिथली मिलेनियम सीड बँक, म्हणजे रानटी वनस्पतींच्या बियांची साठवण, बघून परततात. तुम्ही उतारानं खाली चालत राहा. जुन्या वाड्यापासून बाग उतरत उतरत वेस्टवुड तळ्यापाशी येते, तिथे पाणथळ जागा राखली आहे. त्यापुढे लोडर व्हॅलीचं राखीव क्षेत्र लागतं. ते 1980 साली सुरू झालं आणि दिवसाला 50 माणसांपुरताच प्रवेश ठेवला गेला. हा उतार डोक्यात ठेवा. अशा कुठल्याही इस्टेटीत वर टाकलेलं खत, झडलेली पानं, सुटलेली माती शेवटी तळ्यातच येते. तळ्याचं दुखणं तळ्यात शोधू नका, वर चढून बघा.

प्रत्यक्ष काम शिकले ते एका खासगी इस्टेटीवर. तळं नुसतं सोडून दिलं तर गाळ साठतो, पाणकणीस आत सरकतं, मग विलोची झाडं उगवतात आणि काही वर्षांनी तिथे जंगल होतं. म्हणून हिवाळ्यात, पक्षी घरटी बांधायच्या आत, कापणी उरकायची. पण सगळं एकदम नाही. दर वर्षी एकच तुकडा, म्हणजे बाकीच्यांना राहायला जागा उरते. उपसलेली शेवाळं दोन दिवस काठावरच ठेवायची, त्यातले किडे-गोगलगायी परत पाण्यात जातात. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहानं सगळा ढीग लगेच गाडीत भरला. मुकादमीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बादलीभर जीव वेचायला लावले. दुपार गेली.

हातावर जखम असेल तर हातमोजे घालाच. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोचा ताप काय असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तो तिथेही आहे. बूट धुऊन, वाळवूनच दुसऱ्या तळ्यावर जायचं, नाहीतर नको ती वनस्पती तुम्हीच पोहोचवता. तुरेवाल्या न्यूटला, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या, बेडकाच्या नात्यातल्या प्राण्याला, परवान्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि हिमालयन बाल्सम. आपल्या तेरड्याचा हा सख्खा भाऊबंद 1839 मध्ये बागेची शोभा म्हणून ब्रिटनमध्ये आणला गेला आणि नदीकाठ गिळत सुटला. वाढतो दोन मीटरच्या वर, शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. हिवाळ्यात झाड मरतं, काठ उघडा पडतो आणि माती तळ्यात. उपटायचा तो जूनमध्ये, शेंगा धरायच्या आधी. वरवर तोडला तर पेरातून पुन्हा फुटतो.

पहिल्या वर्षी आम्हाला उशीर झाला. गौरी बसल्या त्या आठवड्यात मी गुडघाभर चिखलात, अंगावर शेंगा तडतडतायत, पाठीशी गुलाबी ढीग. घरी फोटो पाठवला. आमच्याकडे तेरड्याचीच गौर, मुळं म्हणजे तिची पावलं. आईचा लगेच फोन, "मुळं शाबूत आहेत ना गं?"

होती. सगळीच्या सगळी.