थंडीच्या बागेतील निळाई : कॉर्नफ्लॉवरची लागवड आणि निगा

हिवाळी हंगामी फुलझाडांचा वाफा म्हटला की पिवळा, केशरी, लाल आणि गुलाबी हे रंग हवे तेवढे मिळतात. परंतु जांभळ्याकडे न झुकणारा, स्वच्छ निळा रंग हवा असेल तर पर्याय फार लवकर संपतात. गोकर्णाची वेल निळी असली तरी ती मांडवाची वस्तू आहे आणि वर्षानुवर्षे टिकणारी आहे. एका हंगामात उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या झाडांत ही जागा कॉर्नफ्लॉवर उत्तम रीतीने भरून काढते. सेंटॉरिया सायनस हे त्याचे शास्त्रीय नाव असून ते सूर्यफूल आणि शेवंती यांच्याच कुळातील आहे. मूळचे ते युरोपातील, विशेषतः त्याच्या आग्नेय भागातील, गहू-बार्लीच्या शेतांत धान्याबरोबर उगवणारे तण. बियाणे स्वच्छ करण्याच्या सुधारलेल्या पद्धती आणि तणनाशके आल्यावर ते तेथील शेतांतून पुष्कळ हटले. बागांत मात्र टिकले, आणि एस्टोनियाने तर त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. लागवड करताना त्याचे हे शेतातील मूळ विसरू नये. खत, पाणी आणि माया यांचा अतिरेक हेच आपल्याकडे हे झाड बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण असते.

पेरणीची वेळ साधली तर निम्मे काम झाले असे समजावे. बी रुजण्यासाठी पंधरा ते वीस अंश सेल्सिअस तापमान सर्वांत चांगले, आणि आपल्याकडे हा गारवा ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यानंतरच येतो. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात परतीचा पाऊस थांबल्यावर, म्हणजे साधारणपणे दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान, पेरणी करावी. विदर्भ आणि मराठवाड्यातही हाच काळ योग्य ठरतो, कारण तेथे दिवसा ऊन असले तरी रात्री चांगल्या गार होतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र हवा दमट असते आणि थंडी थोडक्यात आटोपते. तेथे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबावे, बुटका वाण निवडावा आणि देशावरच्या इतक्या बहराची अपेक्षा ठेवू नये. पेरणीपासून फुलापर्यंत सामान्यतः तीन महिने, कधी त्याहून थोडे अधिक दिवस लागतात. हे झाड मोठ्या दिवसाला प्रतिसाद देणारे आहे, त्यामुळे संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला की कळ्या भराभर धरतात आणि फेब्रुवारी हा त्याचा खरा महिना ठरतो. सप्टेंबरात घाई करून पेरल्याने फुले फारशी लवकर येत नाहीत. उलट उकाड्यात आणि पावसात कोवळी रोपे मान टाकतात.

जमीन निचऱ्याची असावी, एवढी एकच अट हे झाड आग्रहाने धरते. हलकी, मुरमाड, किंचित चुनखडीयुक्त जमीनही त्याला चालते. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असल्यास उत्तम. आपल्याकडील भारी काळी माती मात्र पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून अशा जमिनीत सपाट वाफा न करता पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळून माती भुसभुशीत करावी. काळ्या मातीत थोडीशी वाळू टाकली की निचरा सुधारतो, हा समज सोडून द्यावा. सेंद्रिय भर आणि वाफ्याची उंची या दोन गोष्टीच खरे काम करतात. कुंडीत लावायचे असल्यास दहा-बारा इंची कुंडी घ्यावी, कारण सोटमूळ खोल जाते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडी वाळू एवढे मिश्रण पुरेसे होते. त्यात मूठभर निंबोळी पेंड घातली तर मातीतील किडींचाही थोडा बंदोबस्त होतो. जागा अशी निवडावी की जेथे दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन मिळेल. सावलीत झाड लांबट आणि लुळे होते, फुले मोजकीच येतात.

बी जागच्या जागीच पेरावे, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. झेंडू किंवा ॲस्टरप्रमाणे गादीवर रोपे तयार करून ती उपटून लावण्याची पद्धत येथे उपयोगी पडत नाही. सोटमूळ दुखावले की रोप बराच काळ जागचे हलत नाही आणि अनेकदा वाढीला कायमचे मागे पडते. जागा मोकळी नसेल आणि रोपे करावीच लागणार असतील तर ती कागदी पेल्यांत करावीत आणि चार-पाच पाने येताच मुळाभोवतीचा गोळा न फोडता लावावीत. बी राखाडी, चकचकीत आणि जवाच्या दाण्याहून लहान असते, त्याच्या टोकाला केसांचा आखूड तुरा असतो; हाताळायला ते सोपे असल्याने फोकून देण्यापेक्षा टोकण करणे बरे. वाफा आदल्या दिवशी भिजवावा, वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिल्यावर, एक सेंटिमीटर खोलीवर बी टोकावे आणि मातीने नीट झाकावे, कारण अंधारात ते चांगले रुजते. झारीने हलके पाणी द्यावे. एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. या काळात चिमण्या आणि मुंग्या दोघांवरही नजर ठेवावी; वाफ्यावर जुन्या जाळीचा तुकडा अंथरला तरी काम भागते.

रोपे सात-आठ सेंटिमीटरची झाली की विरळणी करावी. उंच वाणांत दोन रोपांमध्ये पंचवीस ते तीस सेंटिमीटर, बुटक्या वाणांत पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. बारा इंची कुंडीत तीन रोपे पुरे. जादा रोपे उपटू नयेत, कात्रीने मातीलगत कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाचे मूळ हलत नाही. रोपे पंधरा सेंटिमीटरच्या आसपास पोहोचली की शेंडा खुडावा. हे करताना मन धजत नाही, परंतु शेंडा न खुडलेले झाड एकाच दांड्यावर उंच जाते आणि खुडलेले झाड बुडापासून फांद्या फोडते.

पाण्याच्या बाबतीत मातीचा वरचा थर बोटाच्या एका पेरापर्यंत सुकलेला दिसल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. जमिनीतील झाडांना थंडीत चार-पाच दिवसांआड पाणी पुरते. कुंडीला फेब्रुवारीच्या उन्हात रोज किंवा एक दिवसाआड द्यावे लागेल. पाणी बुडाशी, सकाळच्या वेळी द्यावे. लागवडीच्या वेळी घातलेल्या शेणखतानंतर दुसरे काही देण्याची बहुधा गरज पडत नाही. युरिया किंवा नत्राचे प्रमाण जास्त असलेले कोणतेही खत दिल्यास पाने हिरवीगार होतात, दांडे मऊ पडतात आणि पहिल्याच वाऱ्यात झाड आडवे होते. पाने फिकट दिसू लागली तरच कळ्या धरण्यापूर्वी एकदा पातळ केलेले गांडूळखताचे पाणी द्यावे.

उंच वाण साठ ते नव्वद सेंटिमीटरपर्यंत जातात आणि त्यांचे दांडे बारीक असतात, म्हणून आधार आधीच द्यावा. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना बांबूच्या कामट्या रोवून गुडघ्याच्या उंचीवर सुतळीचे आडवे-उभे जाळे विणले की झाडे त्यातून आपोआप वर येतात. झाड पडल्यावर त्याला काठीला बांधून उभे केले तर दांड्याला आलेला बाक जात नाही. ब्लू बॉय हा उंच वाण कापून फुलदाणीत ठेवण्यासाठी, तर ज्युबिली जेम हा बुटका वाण कुंड्यांसाठी आणि वाफ्याच्या कडेसाठी चांगला. पाकिटावर केवळ ‘मिश्र रंग’ असे छापलेले असेल तर त्यातून गुलाबी आणि पांढरी फुलेही निघतील. निळ्यासाठीच लागवड करत असाल तर ते घेऊ नये.

किडींत मावा हा मुख्य शत्रू. तो कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या मानेवर दाटीने बसतो. सुरुवातीला पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. ढालकिडे दिसत असतील तर दोन दिवस वाट पाहावी, कारण ते मावा खातात. तरीही वाढल्यास एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे सौम्य साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. कळ्यांवर मुंग्या फिरताना दिसल्या म्हणजे मावा आलाच असे मात्र नाही. या झाडात फुलाबाहेरही, कळीच्या आसपास, थोडा मधुरस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठीही येतात. आधी नीट पाहावे, मग फवारणीचे ठरवावे. हंगामाच्या अखेरीस पानांवर भुरी, म्हणजे पांढरट पिठासारखी बुरशी, येते. दाटी टाळणे हाच त्यावरचा उपाय, आणि तोपर्यंत झाडाचे दिवसही भरत आलेले असतात. खालची पाने पिवळी पडून झाड भर दुपारी कोमेजत असेल आणि माती ओली असेल, तर मुळे कुजत आहेत असे समजून पाणी तोडावे.

फूल उमलले की ते भिंगातून जरूर पाहावे. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक पुष्पकांचा, म्हणजे चिमुकल्या फुलांचा, झुबका असतो. बाहेरच्या कड्यातील कर्ण्यासारखी निळी पुष्पके वंध्य असतात आणि त्यांचे काम कीटकांना बोलावण्याचे. बी धरते ते मधल्या जांभळट पुष्पकांत. या मधल्या पुष्पकांना काडीने हळूच स्पर्श केला की पुंकेसर आखडतात आणि वरच्या टोकातून पराग बाहेर ढकलला जातो. मधमाशी बसली की हेच घडते. निळ्या रंगाची कथाही विलक्षण आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी 1913 मध्ये या फुलातील रंगद्रव्य वेगळे केले, आणि पुढे ते लाल गुलाबातीलच निघाले. हा रंग निळा का होतो याचा नेमका उलगडा 2005 मध्ये झाला: रंगद्रव्याचे सहा रेणू आणि फ्लेव्होन या वनस्पतीतील फिकट द्रव्याचे सहा रेणू लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या आयनांभोवती एकत्र बांधले जातात. त्यामुळे हायड्रेंजियाप्रमाणे मातीत तुरटी वगैरे घालून येथे रंग बदलण्याचा खटाटोप करू नये.

फुले कापायची असल्यास अर्धी उमललेली असताना सकाळी कापावीत. पाणी बदलत राहिल्यास ती पाच-सहा दिवस टिकतात. वाळवण्यासाठी जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगाव्यात, कारण उन्हात रंग उडतो. पाकळ्या खाण्याजोग्या असून कोशिंबिरीवर किंवा चहात वापरतात. त्यासाठी अर्थातच कोणतेही औषध न फवारलेली फुले हवीत. सुकलेली फुले दर दोन-तीन दिवसांनी पुढच्या फांदीपर्यंत खुडत राहावे. एकदा बी धरू लागले की झाड नव्या कळ्या काढणे आवरते घेते.

बियाण्यासाठी मार्चमध्ये दोन-तीन उत्तम झाडे न खुडता सोडावीत. बोंडे तपकिरी होऊन त्यांतून तुऱ्याचे केस डोकावू लागले की ती काढून सावलीत आठवडाभर वाळवावीत आणि चोळून बी मोकळे करावे. वाण संकरित नसल्यास रंग बहुतांशी तसाच उतरतो, मात्र शेजारी गुलाबी वा पांढरी झाडे असतील तर मधमाश्या भेसळ करतात. उरलेली झाडे एप्रिलच्या उन्हात तग धरत नाहीत. ती उपटून कंपोस्टात टाकावीत, भुरी लागलेली असल्यास वगळावीत. पावसाळ्यातील दमटपणाने बी लवकर निकामी होते, म्हणून कागदी पाकिटावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दसऱ्यापर्यंत ठेवावे.