शिमग्याचा ढोल ऐकतो म्हणजे कान चांगले? मूल उशिरा बोलत असेल तर या चुका टाळा

माझा झील दोन वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, “तेचो बापूस पण तीन वर्षांनीच बोलाक लागलो. आता बघ कसो बोलता!” ऐकून मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यात आमचं जवळजवळ वर्ष गेलं.

घरच्या घरी परीक्षाही झाली. सासऱ्यांनी पाठीमागे उभं राहून ताट वाजवलं, पोर वळलं. शिमग्यात ढोल वाजला की नाचायचा. झालं, कान ठणठणीत! ढोलाचा जाड आवाज त्याला पोचत होता, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांच्यासारखे बारीक आवाज पोचत नव्हते, हे कोणाला कळणार? आणि ताटाचं म्हणाल तर जमिनीचा हादरा किंवा भिंतीवर हललेली सावलीही मुलाला पुरते. कानाची खरी तपासणी म्हणजे बेरा, डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात ती. ती कोणत्याही वयात होते, अगदी तान्ह्या बाळाचीही.

बेराला मूल झोपलेलं लागतं. आमची पहिली फेरी इथेच वाया गेली. देवगडहून कणकवली, तिथून पुढे दुसरी एसटी, आणि सोन्या सगळा रस्ता माझ्या मांडीवर घोरत. टेबलावर ठेवला तर टक्क जागा. दुसऱ्या वेळी पहाटे चारला उठवला, गाडीत खिडकी उघडी ठेवून, शेंगदाणे भरवत जागता ठेवला. तिथे पोचल्यावर दूध दिलं आणि पाच मिनिटांत झोपला.

हे फक्त कानापुरतं नाही. नऊ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल किंवा बोट दाखवून वस्तू मागत नसेल, दोन वर्षांचं ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आजाराचं नाव कळल्यावर बघू, असंही करू नका. नाव ठरायला कधी कधी महिने जातात. बसण्या-बोलण्याचा सराव त्याच्यासाठी अडत नाही.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची गाडी येते, आणि नेमकं त्या दिवशी आपण मुलाला मामाकडे नेलेलं असतं. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तो २०१३ मध्ये आपल्याच कोकणपट्टीतून, पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. गाडी कधी येणार ते अंगणवाडीताईंना आधी विचारून ठेवा. गाडी चुकली तर पुढच्या फेरीची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागा.

मुंबईचे चाकरमानी काका म्हणतात, “इकडेच आणा त्याला.” मोठ्या तपासणीसाठी जरूर जा, वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा-श्रवणासाठीच आहे. पण गणपतीत एक फेरी, मे महिन्यात एक, आणि मधे नुसती फाईल कपाटात, याला उपचार म्हणत नाहीत. थेरपिस्टकडे मूल पाऊण तास असतं, उरलेला आठवडा आपल्याकडे. मी बांगडे साफ करताना त्याला समोर बसवायचे. “शेपटी कापली. डोकं कापलं. मांजर आली!” रोज तेच, त्याच शब्दांत. पहिला शब्द आला तो ‘मांजर’. ‘आई’ नंतर.

कानाचं मशीन मिळालं की काम संपलं, ही आमची दुसरी मोठी चूक. मशीन शिट्टी मारायला लागलं, पोर चिडायला लागलं, म्हणून मी ते काढून डबीत ठेवलं. पंधरा दिवसांनी कळलं की मशीन बिघडलेलंच नव्हतं. मुलाचा कान वाढतो, जुना मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, सैल होतो आणि आवाज बाहेर गळतो. नवीन मोल्ड घेतला, शिट्टी बंद. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मशीन रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलंच पाहिजे, नाहीतर घाम आणि दमट हवा त्याचा निकाल लावतात. आणि लग्नात-पूजेत चारचौघांत दिसतं म्हणून काढू नका. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, मशीन कानात ठेवून.

आता कागद. थेरपी सुरू करायला अपंगत्वाचा दाखला लागत नाही. दाखल्यासाठी थेरपी थांबवू नका. पण युडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज करून ठेवा, बऱ्याच सवलती ४० टक्के अपंगत्वापासून पुढे मिळतात. अर्जाआधी आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकच आहे ना, बघा. लहान मुलांचा दाखला बहुधा ठरावीक मुदतीचा असतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय या सरकारी आरोग्य विम्याचं विचारा, त्यात एक लाखापर्यंत संरक्षण आहे. सगळं प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा. मूळ कागद खिडकीत कोणी ठेवून घेऊ म्हटलं तर देऊ नका, झेरॉक्स द्या; आणि ती सकाळीच काढून ठेवा, दुपारी आपल्याकडे झेरॉक्सवाला जेवून झोपलेला असतो.